बिनगियरलाही लायसन लागतं

पहाटे साडेपाच. जळगावच्या मेहरूण तलावाच्या रस्त्यावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत आमची शिकवणी सुरू होते. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, डोक्यावर हेल्मेट. त्याचा पट्टा मी स्वतः ओढून बघतो, कारण पट्टा सुटा असला तर माणूस पडतो तेव्हा हेल्मेट आधीच उडालेलं असतं. सुरुवातीला मी गाडी थांबवायलाच शिकवतो. येणारा प्रत्येक जण पुढच्या ब्रेकला घाबरतो. ‘तो दाबला की तोंडावर पडशील’ असं घरी कुणीतरी सांगितलेलं असतं. खरं तर ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची ताकदही तिथंच. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू आवळत. वळणावर किंवा वाळूवर झटका द्यायचा नाही. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक लागायच्या आत तेवढा रस्ता संपलेला असतो.

सकाळी अकरा. ऑफिसात एक वडील. “पोरगा सोळाचा झाला दादा, लायसन काढून द्या. बिनगियरच घेतली, क्लासला जायला.” असं कुणी ना कुणी येतच असतं आणि मी दर वेळी खुर्ची पुढे करतो, कारण समजावायला वेळ लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण ५० सीसीपर्यंतच्या इंजिनासाठीच. पायडल मारायच्या लुनाच्या काळात ते ठीक होतं. आजची स्कूटी ११० सीसीची, शेतावर दुधाच्या कॅन वाहणारी एक्सएल १०० तर नावातच सीसी सांगते. बिनगियर आणि गियर हे परवान्याचे दोन वर्ग. ५० सीसीच्या वर दोन्हींना वय अठराच. बिनगियरच्या परवान्यावर गियरची मोटरसायकल चालवता येत नाही. इलेक्ट्रिकमध्ये मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ च्या आत असलेल्या हलक्या गाडीला परवाना लागत नाही. त्यापुढच्या सगळ्यांना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. दंडाच्या आकड्यावर वडील वाद घालतात, पंचविशी ऐकली की गप्प होतात.

दुपारी उन्हात डांबर तापतं. वर्ग बंद.

संध्याकाळी पाच. आकाशवाणी चौक. आरसा, इंडिकेटर, मग मान वळवून खात्री. ट्रकच्या डाव्या बाजूला घुसायचं नाही. तिथला दुचाकीवाला ड्रायव्हरला दिसत नाही.

रात्री आठ. परवाना मिळालेल्या एका विद्यार्थ्याचा फोन: “सर, आत्ताच धुळ्याला निघू का?” पाळधी, एरंडोल, पारोळा, सुमारे ९० किलोमीटर, त्यात कापसाचा हंगाम. मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर येईपर्यंत दिसत नाही. मी त्याला सकाळच्या एसटीनं जायला सांगितलं.