लोहाचं सलाईन कधी लावतात?

"गोळ्या घेतेय, तरी हिमोग्लोबिन आठच. आता लोहाचं सलाईन लावायचं म्हणतात. घाबरण्यासारखं आहे का?" पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायका हे हमखास विचारतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया आढळला.

बहुतेकींना गोळ्या पुरतात. त्या सोसत नसतील, आतड्यात लोह शोषलं जात नसेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर लोह शिरेतून देतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र टाळतात.

मात्रा काढायला गॅन्झोनी सूत्र आहे: वजन × हिमोग्लोबिनची तूट × २.४, अधिक साठ्यासाठी ५००. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ८ आणि लक्ष्य १५ असेल, तर १३४० मिलिग्रॅम. शिरेतून द्यायच्या लोहापैकी आयर्न सुक्रोज अनेक खेपांत द्यावं लागतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचे १००० मिलिग्रॅम पंधरा मिनिटांत जाऊ शकतात. क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं.

सुईजवळ दुखलं, सूज आली तर लगेच सांगा. औषध बाहेर झिरपलं तर त्वचेवर तपकिरी डाग राहतो.

हिमोग्लोबिन काही आठवड्यांत चढतं. रक्त कमी का झालं, याचा शोध तोवर सुरू हवा.