मोटारीच्या कुरकुरीचें निदान

पनवेल हें गांव चाकांना फार जुन्या काळापासून ओळखतें. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरील बैलगाड्यांची रीघ या बंदराकडे लागली. पनवेलचीं लांकडी चाकें तेव्हां नामांकित असून देशावर परतणारे गाडीवान तीं विकत नेत, असा उल्लेख जुन्या गॅझेटियरांत आहे. आज गोव्याचा रस्ता येथूनच फुटतो, आणि २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीहून निघतो. बैलगाडी कुरकुरूं लागली कीं गाडीवान आंसाला वंगण घालीत असे. मोटार कुरकुरली तर काय करावें, हें मात्र आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

माझ्या जुन्या मोटारीच्या पुढील डाव्या बाजूनें मागें असाच खडखडाट होऊं लागला. एका गॅरेजमध्यें ती नेली. तेथील मनुष्यानें आवाज न ऐकतांच ‘शॉकअप गेले’ असें सांगून दोन्ही बदलले. मीं पैसे मोजले, आणि घरीं येतांना पहिल्याच खड्ड्यांत तोच आवाज पुन्हां ऐकूं आला! नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण ऐकतों. ती मला येथें आठवली.

आवाजाचें मूळ शोधावयाचें तर आधीं रचना समजली पाहिजे. मोटारीचें धूड चाकांवर थेट टेकलेलें नसतें. मधें स्प्रिंग असते. ती रस्त्याचा धक्का पोटांत घेते. पण नुसती स्प्रिंग एकदां दबली कीं पाळण्याप्रमाणें वरखालीं होत राहील. म्हणून तिच्या जोडीला शॉकअप असतो. त्यांतील तेल बारीक छिद्रांतून जोरानें जातें आणि उसळीचा जोर उष्णतेच्या रूपानें जिरतो. चाकाला जागेवर धरणारा लोखंडी हात म्हणजे लोअर आर्म. त्याच्या एका टोंकास रबराचे बुश, तर चाकाकडील टोंकास बॉल जॉइंट, म्हणजे आपल्या खांद्यासारखा उखळीचा सांधा असतो. याखेरीज डाव्या व उजव्या चाकांना जोडणारी एक दांडी असते. तिच्यामुळें वळणावर गाडी फार कलत नाहीं. त्या दांडीला चाकांकडे जोडणारे लहान दुवे म्हणजे लिंक रॉड. जेथें सांधा तेथें झीज, आणि झीज वाढली कीं बहुधा आवाज.

पुढें मला पनवेलचेच एक वयोवृद्ध उस्ताद भेटले. त्यांनीं पान्ह्याला हात लावण्यापूर्वीं विचारलें, “गुरुजी, आवाज केव्हां येतो? एक चाक खड्ड्यांत गेल्यावर, कीं दोन्ही चाकें गतिरोधकावर चढल्यावर?” मी विचारांत पडलों. इतके दिवस मी आवाज नुसता ऐकत होतों. त्याच्याकडे लक्ष दिलें नव्हतें! त्यांनीं प्रथम डिकी रिकामी करविली, कारण सुटलेला जॅकही असाच वाजतो. मग ते शेजारीं बसले आणि सावकाश फेरी मारली. एकच चाक खड्ड्यांत गेलें कीं खडखड होई. दोन्ही चाकें एकदम चढलीं कीं आवाज जवळजवळ नाहींसा होई. “चाकें बरोबर उचललीं तर दांडी नुसती फिरते, दुव्यांवर ताण येत नाहीं, म्हणून दोष लिंक रॉडचा,” असें ते म्हणाले. खात्रीसाठीं त्यांनीं दुवा सोडवून गाडी हळू चालविली. आवाज बंद!

मुलांनो, आवाजांची भाषा थोडी शिकावी. गतिरोधकावर सावकाश चढतांना कुरकुर झाली तर बहुधा बुशाचें रबर झिजलेलें किंवा वाळलेलें असतें. उभ्या गाडीचें स्टिअरिंग फिरवितांना करकर झाली तर स्प्रिंगवरील बेअरिंग पाहावें. वेगाबरोबर चढत जाणारी घूं घूं बहुधा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते. गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती पुनःपुन्हां झुलली, अथवा शॉकअपवरून तेल ओघळलें, तर मात्र शॉकअपच दोषी.

उस्ताद एवढ्यावर थांबले नाहींत. गाडी उचलून व मजबूत टेकूवर ठेवून त्यांनीं अधांतरीं चाकाजवळ पहार घातली आणि हलकेच दाबली. बॉल जॉइंट हलला. त्याचें रबरी टोपण फाटून आंत माती गेली होती. हा सांधा निसटला तर चाक आडवें होतें आणि गाडी हातांत राहत नाहीं. त्याच गाडींतून मी मुलाबाळांसह कितीदां तरी बोरघाट उतरलों होतों! जो भाग ओरडत होता तो स्वस्त व फारसा घातक नव्हता. जो गप्प होता त्यानें प्राण घेतला असता.

दुरुस्तीचे कांहीं नियमही त्यांनीं सांगितले. शॉकअप जोडीनें बदलावे. बुशाचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावे, नाहींतर रबर सदैव पिळलेलें राहून लवकर फाटतें. रबराला इंजिनचें तेल लावूं नये. तें फुगून बिघडतें. आर्म बदलल्यावर चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीं कधींही जाऊं नये. आणि दाबलेली स्प्रिंग सोडविण्याचें काम जाणत्या कारागिरावरच सोंपवावें.

त्या दिवशीं मी शाळेंत परतलों तेव्हां गणितांत चुकलेली एक वही समोर होती. एरवीं मीं लाल रेघ ओढून ती बाजूस ठेविली असती. त्या दिवशीं मुलाला जवळ बोलाविलें आणि विचारलें, “बाळ, तुझें गणित नेमकें कोठें अडतें?” पालकहो, घरींही मूल कुरकुरलें तर रागावण्यापूर्वीं हा एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि जें मूल अगदीं गप्प असतें, त्याच्याकडेही एकवार वळून पाहावें.