जिथं हवेचंच हिम पडतं

कोल्हापूरकडं थंडीत पहाटे दहिवर पडतं, पण ते पाणीच राहतं. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी मात्र एखाद्या पहाटे तेच गोठून गवतावर, गाडीच्या टपावर पांढरा थर धरतं. पाहुण्यांना मौज वाटते. स्ट्रॉबेरीवाल्याच्या काळजात धस्स होतं, कारण एका रात्रीत पानं करपतात. पण एक लक्षात घ्या. इथं गोठतं ते हवेतलं पाणी. हवा जशीच्या तशी राहते.

आता अशी जागा डोळ्यांपुढं आणा, की जिथं खुद्द हवाच गोठते. ती जागा म्हणजे नेपच्यून ग्रहाचा चंद्र, ट्रायटन. १९८९ साली व्हॉयेजर-२ हे यान त्याच्याजवळून गेलं. तिथली थंडी उणे २३५ अंश सेल्सिअस. आपल्या हवेत शंभरात ७८ भाग असलेला नायट्रोजन उणे २१० अंशालाच गोठतो. म्हणून तिथं जमिनीवर नायट्रोजनचंच हिम पसरलेलं आहे.

मग हवा कुठून येते? ज्या बाजूला ऊन असतं तिथलं हिम न वितळताच वायू होतं, आणि अंधाऱ्या, गार बाजूला जाऊन पुन्हा बसतं. हिम म्हणजे पेवातली रास, आणि हवा म्हणजे घरात काढलेलं पसाभर धान्य! तिचा दाब आपल्या हवेच्या सुमारे सत्तर हजारावा हिस्सा. शिवाय तिथला एकेक ऋतू सुमारे चाळीस वर्षांचा. ऊन सरकतं तशी हिमाची जागाही बदलत जाते.

एवढी विरळ हवा मोजतात कशी? दूरचा तारा अशा गोलाआड जाताना फुंकर मारलेल्या दिव्यासारखा झटकन विझत नाही, हळूहळू मंद होतो. त्या मंदावण्यावरून हवेचा हिशेब लागतो. प्लूटोवरही नायट्रोजनचं हिम आहे. त्याची हवा नैनीतालजवळच्या देवस्थळ वेधशाळेतून ६ जून २०२० रोजी याच रीतीनं मोजली गेली.

गुरुजींनी वर्गात हे करून दाखवावं. वाटीत कापराच्या वड्या ठेवा, वर गार पाण्यानं भरलेली ताटली झाका, आणि वाटी कढत पाण्यात ठेवा. जाळ मात्र जवळ नको. थोड्या वेळानं ताटलीच्या बुडाला पांढरे कण धरलेले दिसतील. कापूर पातळ न होताच उडाला, आणि गार जागी पुन्हा बसला. मुलांना ट्रायटन तिथंच कळेल.

पृथ्वीवर नोंदलेली सर्वांत कडक थंडी १९८३ सालची, अंटार्क्टिकावरची, उणे ८९ अंश. नायट्रोजन गोठायला ती फारच तोकडी. हिमानं आपलं पीक जातं, तो घाव खराच. पण श्वासाची हवा जात नाही. सूर्याची ऊब आपल्याला एवढी पुरते, हे थोडं का झालं?