मिश्री हीसुद्धा तंबाखूच

आमच्या बाह्यरुग्ण विभागात "काही व्यसन आहे का?" असे विचारल्यास अनेक भगिनी ठामपणे "नाही" म्हणतात. "मिश्री लावता का?" असे विचारताच मात्र सहज होकार येतो. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेल्या तंबाखूची पूड. परंतु घरोघरी ती दात घासण्याचे साधन समजली जाते. वस्तुतः तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये तिच्यातही असतात, निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात उतरते आणि गर्भवतीने ती लावल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

सन २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. तरीही आमच्या केसपेपरवर पूर्वी केवळ धूम्रपानाचाच रकाना असे. ही उणीव आमचीच होती. आता मिश्री, गुटखा व खैनी यांची स्वतंत्र नोंद होते. काही तरुण 'निव्वळ वाफ' समजतात ती ई-सिगारेटही विचारली जाते. २०१९ च्या कायद्याने तिच्या विक्रीस देशभर बंदी आहे.

नातेवाइकांना विनंती, की रुग्णाची मिश्रीची सवय डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तोंडातील चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी न झाल्यास तपासणीस विलंब करू नये.