भूवेष्टित बोलिव्हिया : हरवलेला समुद्र आणि दूर राहिलेले लोक

प्रस्तावना

दक्षिण अमेरिका खंडात समुद्रकिनारा नसलेले देश दोनच आहेत : पराग्वे आणि बोलिव्हिया. चारही बाजूंनी भूमीने वेढलेल्या अशा देशांना भूगोलाच्या परिभाषेत भूवेष्टित देश म्हणतात. बोलिव्हियाची भूवेष्टितता मात्र निसर्गदत्त नाही. १८२५ साली हे राष्ट्र स्वतंत्र झाले, तेव्हा पॅसिफिक महासागराचा सुमारे ४०० किलोमीटर लांबीचा किनारा त्याच्याकडे होता. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात तो गेला. या हानीचे कारण सामान्यतः शेजारी राष्ट्राच्या आक्रमणात शोधले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ज्या राज्याने आपल्या बहुसंख्य लोकांना सत्तेपासून दूर ठेवले, त्याला आपला दूरचा किनाराही राखता आला नाही. हा या इतिहासातील दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा धागा होय. प्रस्तुत लेखात या दोन धाग्यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

भूमी आणि लोक

बोलिव्हियाचे क्षेत्रफळ सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर असून २०२४ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १.१३ कोटी आहे. पश्चिमेस अँडीज पर्वतरांगांमधील उंच पठार, तर उत्तरेस व पूर्वेस ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सखल प्रदेश अशी या देशाची रचना आहे. घटनात्मक राजधानी सुक्रे असली तरी शासनाचे केंद्र ला पाझ येथे, सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. पठारावर आयमारा व केचुआ, तर सखल प्रदेशात ग्वारानी आदी समाज शतकानुशतके राहत आले आहेत. टिटिकाका सरोवराजवळील तिवानाकू ही येथील प्राचीन संस्कृती. पंधराव्या शतकात हा प्रदेश इंका साम्राज्यात गेला व सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेखाली आला.

चांदी आणि वेठ

१५४५ मध्ये पोतोसी येथील डोंगरात चांदीचा विलक्षण साठा सापडला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात इंकाकालीन श्रमदानाच्या ‘मिता’ या प्रथेचे रूपांतर सक्तीच्या वेठीत केले. नेमून दिलेल्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सुमारे एक सप्तमांश पुरुषांना दरवर्षी पाळीपाळीने पोतोसीला पाठविणे बंधनकारक झाले. चांदी जगभर गेली. डोंगराच्या पोटात राबणाऱ्यांच्या वाट्याला मात्र धुळीने जडणारे फुप्फुसाचे विकार, पाऱ्याची विषबाधा आणि उजाड झालेली गावे आली. संपत्ती बाहेर जावी आणि कष्ट येथे राहावेत, हा क्रम येथूनच सुरू झाला.

१८७४ मधील दोन निर्णय

स्वातंत्र्यानंतर सत्ताधारी बदलले, तरी हा क्रम बदलला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राज्याच्या महसुलाचा मोठा भाग आदिवासी शेतकऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या डोईपट्टीतून येत असे. कर देणाऱ्या या निरक्षर समाजाला मताधिकार मात्र नव्हता. दुसरीकडे, अटाकामाच्या वाळवंटापलीकडील किनारा पठारापासून फार दूर होता. तेथील सोऱ्याच्या उद्योगात भांडवल मुख्यतः चिली व ब्रिटनचे, आणि मजूर बहुतांशी चिलीचे होते.

या दृष्टीने १८७४ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षी बोलिव्हियाने चिलीशी करार करून किनाऱ्यावरील चिलीच्या उद्योगांवर २५ वर्षे करवाढ न करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी गावांची सामूहिक मालकी मोडून जमिनी व्यक्तिगत नावावर करण्याचा कायदाही संमत झाला. पुढील दशकांत या कायद्याच्या आधारे अनेक गावांच्या जमिनी मोठ्या जमीनदारांकडे गेल्या. एकाच वर्षी राज्याने किनाऱ्यावर परकीय भांडवलापुढे आपले हात बांधून घेतले आणि पठारावर स्वतःच्याच लोकांच्या पायाखालची जमीन काढून घेण्याची वाट मोकळी केली.

१८७८ मध्ये बोलिव्हियाने निर्यात होणाऱ्या सोऱ्यावर क्विंटलमागे (तेथील क्विंटल सुमारे ४६ किलोचा) १० सेंटाव्हो कर बसविला. चिलीने हा करारभंग मानला आणि १४ फेब्रुवारी १८७९ रोजी अँटोफगास्टा बंदर ताब्यात घेतले. २३ मार्च रोजी तोपातेरच्या लढाईत एदुआर्दो आबारोआ शरण जाण्यास नकार देऊन धारातीर्थी पडला. मित्रराष्ट्र पेरूसह लढणाऱ्या बोलिव्हियाने १८८० मधील पराभवानंतर रणांगण सोडले. १९०४ च्या तहाने किनारा कायमचा चिलीकडे गेला. त्या बदल्यात बोलिव्हियाला मालवाहतुकीचा मुक्त हक्क व अरिका–ला पाझ लोहमार्ग मिळाला. तो १९१३ मध्ये सुरू झाला.

स्मृती आणि लोकसंस्कृती

आबारोआचा स्मृतिदिन, २३ मार्च, हा बोलिव्हियात ‘समुद्रदिन’ म्हणून पाळला जातो. देशाचे नौदलही आहे. ते टिटिकाका सरोवरात व नद्यांवर कार्य करते. बाहेरच्यांना हे विसंगत वाटेल. तथापि भाषा, वर्ग व प्रदेश यांनी विभागलेल्या समाजाला एकत्र आणणाऱ्या थोड्या गोष्टींत समुद्राच्या स्मृतीचा समावेश होतो, हे ध्यानात घ्यावे लागते.

लोकांच्या दैनंदिन श्रद्धांचे केंद्र मात्र समुद्र नसून भूमी आहे. धरित्रीमाता पाचामामा हिला मद्याचे चार थेंब वाहिल्याशिवाय अनेक शुभकार्ये सुरू होत नाहीत. खाणकामगार भूगर्भाचा स्वामी मानल्या जाणाऱ्या ‘तिओ’च्या मूर्तीला कोकाची पाने अर्पण करतात. ओरुरोच्या कार्निव्हलमध्ये खाणकामगारांची आराध्य कुमारी मेरी आणि सैतानाचे मुखवटे घातलेले नर्तक एकत्र दिसतात. कॅथलिक पंथ स्वीकारूनही जुनी दैवते न सोडण्याची लोकांची रीत येथे स्पष्ट होते. रात्रीच्या हिमात बटाटे गोठवून, दिवसा पायांनी तुडवून व उन्हात वाळवून केलेले ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकते. विरळ हवेच्या पठारावरील जीवनाचे शहाणपण त्यात साठलेले आहे.

दोन धाग्यांची गाठ

१९५२ च्या क्रांतीने सार्वत्रिक मताधिकार दिला व कथिलाच्या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. १९५३ मध्ये जमीनसुधारणा झाली. पुढे २००३ मध्ये नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून निर्यात करण्याच्या योजनेविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. साठहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि अध्यक्ष गोन्सालो सांचेस दे लोसादा यांना पद सोडावे लागले. गमावलेल्या समुद्राचे शल्य आणि संपत्तीवरील लोकांचा हक्क हे दोन्ही प्रश्न या आंदोलनात एकत्र आले. आंदोलनात अग्रभागी होती ती एल आल्तो शहरातील आयमारा वस्ती.

त्यानंतर आयमारा समाजातील एव्हो मोरालेस २००६ मध्ये अध्यक्ष झाले. २००९ च्या संविधानाने देशास ‘बहुराष्ट्रीय राज्य’ म्हटले आणि स्पॅनिशबरोबर ३६ आदिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला. त्याच संविधानात पॅसिफिककडे जाणाऱ्या भूप्रदेशावरील हक्कही नोंदविला आहे. २०१३ मध्ये बोलिव्हियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. सार्वभौम सागरी मार्गाबाबत वाटाघाटी करण्याचे कायदेशीर बंधन चिलीवर नाही, असा निर्णय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी १२ विरुद्ध ३ मतांनी दिला. उभय देशांनी सामोपचाराने बोलणी करण्यास मात्र या निर्णयाने आडकाठी नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

समारोप

समुद्र नसल्याने व्यापाराचा खर्च वाढतो व शेजाऱ्यावर अवलंबून राहावे लागते, हे निर्विवाद आहे. परंतु पोतोसीची चांदी बाहेर गेली आणि किनाऱ्यावरचा सोरा परक्यांनी उपसला, तेव्हा बोलिव्हियाच्या भूमीला समुद्र लाभलेला होता. म्हणून दारिद्र्याचे सारे खापर भूगोलावर फोडता येत नाही. किनारा परत मिळविण्याचा न्यायालयीन मार्ग २०१८ मध्ये खुंटला. दूर ठेवलेल्या लोकांना राज्याचे भागीदार करण्याचे काम मात्र बोलिव्हियाच्या स्वतःच्या हाती आहे. भूवेष्टित देशांचा अभ्यास करताना नकाशावरील सीमांबरोबरच देशाच्या आत ओढलेल्या सीमांचाही विचार झाला पाहिजे, हेच बोलिव्हियाच्या इतिहासातून दिसून येते.