खर्ऱ्यातल्या विषाला चेतवणारे विकर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानठेल्यांवर कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून देतात. तो खर्रा. धानाची रोवणी असो की तेंदूपत्त्याची तोडणी, अनेकांच्या खिशात ही पुडी असतेच. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली, तरी खर्रा गावोगाव पोहोचत राहिला.

तंबाखूची पाने वाळवताना आणि मुरवताना निकोटीन व त्याच्या भाऊबंद द्रव्यांपासून नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. सुपारीही त्याच गटात आहे.

पण ही संयुगे शरीरात शिरताच डीएनएला डसतात असे नाही. त्यांना चेतवते ते आपलेच शरीर. परक्या रसायनांचा निचरा करण्यासाठी आपल्या पेशींत ‘सायटोक्रोम पी-४५०’ या घराण्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. ती रेणूला ऑक्सिजन जोडतात, म्हणजे तो पाण्यात विरघळून बाहेर पडावा. एनएनकेच्या बाबतीत हाच उपाय अंगलट येतो. ऑक्सिजन जोडलेला रेणू आपोआप फुटतो आणि त्याचा एक आक्रमक तुकडा डीएनएला चिकटतो. पेशी दुभंगताना तिथली नक्कल चुकू शकते. अशा चुका वर्षानुवर्षे साचत गेल्या, की कर्करोगाची वाट मोकळी होते.

तंबाखू चघळणाऱ्यांच्या आणि मिसरी लावणाऱ्यांच्या लाळेत ही नायट्रोसामाइन उतरतात, हे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मोजून दाखवले. पुढचा प्रश्न होता : त्यांना चेतवणारे नेमके विकर कोणते?

उंदरावरून याचे पक्के उत्तर मिळत नाही, कारण उंदराची विकरे माणसाच्या विकरांहून वेगळी असतात. माणसाच्या यकृताचा तुकडा घ्यावा, तर त्यात एकाच घराण्यातली अनेक विकरे एकत्र नांदतात. कोणी काय केले, हे सांगता येत नाही. म्हणून एकेक मानवी विकर सुटे तयार करावे लागते. अशा प्रथिनाला ‘रिकॉम्बिनंट’ म्हणतात.

कृती अशी. विकराचा आराखडा सांगणारे मानवी जनुक प्लाझ्मिड या वर्तुळाकार डीएनएमध्ये जोडतात आणि ते ई. कोलाय जिवाणूत सोडतात. हे विकर मुळात पेशीतल्या पटलाला रुतून बसते, त्यामुळे त्याचे रुतणारे टोक आधीच छाटून टाकतात. दुसऱ्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी लावतात. जिवाणू वाढवून फोडले, की तो रस निकेल भरलेल्या नळीतून सोडतात. शेपटी निकेलला धरून राहते, बाकीची प्रथिने वाहून जातात. मिळालेले विकर धड आहे का, याचीही परीक्षा असते. कार्बन मोनॉक्साइड दिल्यावर त्याने ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ठळकपणे शोषला पाहिजे. घराण्याच्या नावातला ४५० हा आकडा तिथूनच आला. ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात हे नाव दिले.

जिवाणूऐवजी कीटकांच्या पेशीही वापरतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी येथील शास्त्रज्ञांनी अशा पेशींतून सीवायपी-२ए१३ हे याच घराण्यातले मानवी विकर मिळवले आणि २०००मध्ये दाखवून दिले, की श्वसनमार्गात आढळणारे हे विकर एनएनकेला अतिशय झपाट्याने चेतवते. यकृतातला त्याचा जुळा भाऊ, सीवायपी-२ए६, मुख्यतः निकोटीनचा निचरा करतो. दोघांत ४९४पैकी फक्त ३२ अमिनो आम्लांचा फरक, पण एनएनकेच्या बाबतीत २ए६ फारच मंद.

विकर हाती आले, की त्याला रोखणारी द्रव्ये तपासता येतात. कोडावर वापरले जाणारे मेथॉक्सॅलेन हे औषध या दोन्ही विकरांना अडवते. तरी तेवढ्यावर खर्रा खाणाऱ्याची सुटका होत नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा घट्ट होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. हा कर्करोगपूर्व आजार आहे आणि त्याची वाट निराळी आहे.

म्हणून गडचिरोलीतला लढा पुरवठा आणि सवय यांवर आहे. १९८६पासून या जिल्ह्यात काम करणारी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६मध्ये ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात गावसंघटना विक्री बंद पाडतात आणि सोडू पाहणाऱ्यांना उपचार मिळतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली किंवा तीन बोटे उभी मावतील इतकेही तोंड उघडेनासे झाले, तर थेट सरकारी दवाखाना गाठावा. या तपासणीला डॉक्टरांचे डोळे, हातमोजे आणि चांगला उजेड एवढेच लागते.