दिवस गेले म्हणून पंप बंद?

दमा असलेल्या सुनेला दिवस गेले की घरातून हमखास सल्ला येतो: "तो पंप आता बंद कर, त्यात स्टेरॉइड असतं." सल्ला मायेपोटी दिलेला असतो, म्हणून तो मोडणं जड जातं. पण तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

जिममध्ये दंड फुगवायला घेतात ती अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं. ती गरोदरपणात वर्ज्यच. पंपातलं औषध आपलं शरीर रोज बनवतं त्या कॉर्टिसॉलच्या जातीचं. शिवाय मात्रा बघा. पंपातल्या ब्यूडेसोनाइड या स्टेरॉइडचा एक झुरका साधारण २०० मायक्रोग्रॅमचा. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. झुरक्यातलं औषध मुख्यतः श्वासनलिकांत काम करतं, रक्तात थोडंच उतरतं.

तरी शंका उरते? स्वीडनच्या जन्मनोंदींवरून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. सुरुवातीच्या महिन्यांत ब्यूडेसोनाइड ओढणाऱ्या आयांच्या २०१४ बाळांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण ३.८ टक्के होतं. तिथल्या एकूण बाळांत ३.५ टक्के. म्हणजे दखल घ्यावी असा फरक नाही.

आता पंप बंद केल्यावर काय होतं ते ऐका. दमा उसळतो, आईच्या रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि बाळाला वेगळा सिलिंडर लावलेला नसतो! आटोक्यात नसलेल्या दम्यात आईचा रक्तदाब वाढण्याचा, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

आता बाकीचे गैरसमज.

"आईने घेतलेली गोळी पूर्ण बाळाला पोचते." वारेतलं एक एन्झाइम प्रेडनिसोलोन बरंचसं निष्प्रभ करतं, बाळाच्या रक्तात साधारण दहावा हिस्सा पोचतो.

"बाळाचा ओठ, टाळू दुभंगते." काही जुन्या अभ्यासांत असा धोका दिसला होता, डेन्मार्कमधल्या आठ लाखांहून जास्त जन्मांच्या २०११ च्या अभ्यासात दिसला नाही.

"मग गोळ्या कितीही चालतील." अजिबात नाही. मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब आणि साखर वाढू शकते. पण बरेच दिवस चाललेली गोळी मनाने एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनी हळूहळू उतरवायची.

"मलम काय, वरून लावायचं." तीव्र स्टेरॉइड मलम भरपूर वापरल्यास बाळाचं वजन कमी भरू शकतं. पोटावरच्या रेघांसाठी तर ते लावूच नका.

"सातव्या महिन्यातलं इंजेक्शन बाळाला बाधतं." त्यातलं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, वार ओलांडतं म्हणूनच देतात, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत (२०२०) अपुऱ्या दिवसांच्या बाळांतले नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. मात्र प्रसूती खरोखर लवकर होणार असेल आणि नवजात बाळाची नीट सोय असेल, तिथेच ते द्यायचं.

पहिल्या तपासणीला फाइलबरोबर पंपही न्या. ओढायची पद्धत चुकत असेल तर तिथेच कळेल.